हवा तीनची, टायर अडतीसचा

मनालीहून सोलांगकडे जाताना बर्फ लागला की टॅक्सीवाले गाडी बाजूला घेतात आणि चाकांना साखळ्या बांधतात. साखळी वरचा भुसभुशीत थर कापते आणि खालच्या रस्त्याला धरते. पण खाली रस्ताच नसेल तर? वर कंबरभर ताजा बर्फ आणि त्याखाली शेकडो मीटर जाडीची हिमनदी असेल, तर साखळी बांधलेलं चाक म्हणजे उत्तम फावडं. गाडी स्वतःचा खड्डा स्वतःच खणते आणि बॉनेटपर्यंत त्यात बसते. आइसलँडच्या लोकांनी यावर शोधलेला उपाय ऐकताना उफराटा वाटतो. ते टायरमधली हवा सोडून देतात.

थोडीथोडकी नाही. डांबरी रस्त्यावर तीस-पस्तीस पीएसआय हवा असते, तिथे हिमनदीवर चढताना तीन ठेवतात, बर्फ फारच मऊ असेल तर दोन. आपल्याकडचा पंक्चरवाला अशा टायरला सरळ ‘बसलेला’ म्हणेल. टायरच्या बाजूच्या भिंती फुगून बाहेर येतात आणि जमिनीला टेकणारा भाग लांब होतो. रुंदीपेक्षा लांबी वाढते, हे महत्त्वाचं. चाक रणगाड्याच्या पट्ट्यासारखं वागू लागतं ते त्यामुळेच. हिशेब सोपा आहे. तीन पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोनशे ग्रॅम. अडीच टनांची गाडी या दाबावर उभी राहायची तर प्रत्येक चाकाला तीन हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपास जागा हवी. एका बुटावर भार टाकून चालणारा माणूस याहून जास्त दाब देतो. म्हणून चालक दार उघडून खाली उतरतो तेव्हा मांडीपर्यंत रुततो, आणि त्याची गाडी मात्र शेजारी बर्फावर निवांत उभी असते.

आता तीन हजार चौरस सेंटिमीटर जागा द्यायची तर टायर तेवढा मोठा हवा, आणि इथूनच खर्चाला सुरुवात होते.

उदाहरणाला टोयोटाची ८० मालिकेतली लँड क्रूझर घेऊ. १९९० ते १९९७ या काळातली गाडी, ४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. हिचा कंपनीचा टायर ३१ इंच उंचीचा. आइसलँडमध्ये किमान ३८ इंची बसवतात, हौस आणि पैसा असेल तर ४४. ३८ इंची टायर मडगार्डमध्ये मावत नाही. सोपा मार्ग म्हणजे गाडी उचलायची. आपल्याकडे थारवाले हेच करतात, सस्पेन्शनखाली ठोकळे घालून गाडी उंच करतात आणि फोटो काढतात. आइसलँडचा जाणता मेकॅनिक शक्य तितकं कमी उचलतो, कारण उंच गाडी उतारावर आडवी चालवायची वेळ आली की कलंडते. तो ग्राइंडर घेतो आणि पत्रा कापतो. मडगार्ड कापतो, दाराची खालची कड कापतो, गरज पडली तर पुढचा अ‍ॅक्सल काही सेंटिमीटर पुढे आणि मागचा मागे सरकवून नवीन ब्रॅकेट वेल्ड करतो. उघडी पडलेली जागा फायबरच्या रुंद कमानींनी झाकतो. तीसेक वर्षांची गाडी या कामाला का निवडतात, त्याचं एक कारण मानसिक आहे. शोरूममधून आणलेल्या गाडीच्या अंगावर करवत चालवायला हात धजत नाही.

टायर बसला. पण आता चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ९८ने चाललेली असते. प्रत्येक गिअर जणू एक पायरी वरचा झालेला असतो आणि इंजिनाची दमछाक होते. म्हणून पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलमधले क्राऊन-पिनियन गिअर बदलायचे, कंपनीच्या ४.१०च्या जागी ४.८८चे. त्याने रस्त्यावरचं गणित पूर्ववत होतं. बर्फात मात्र तेवढ्यावर भागत नाही. तिथे चालत्या माणसापेक्षाही सावकाश, चाक जागेवर फिरू न देता गाडी सरकवावी लागते. त्यासाठी गिअरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस यांच्यामध्ये गती आणखी कमी करणारा एक जादा गिअर घालतात. हा तुकडा बहुधा दुसऱ्या एखाद्या ट्रान्सफर केसमधून काढून, स्वतः लेथवर अ‍ॅडाप्टर कातून बसवलेला असतो. जड चाकं थांबवायला ब्रेक सुधारायचे. ती वळवायला स्टीअरिंगला हायड्रॉलिक मदत जोडायची. गाडी थोडी जरी उचलली तरी पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन बिघडतो आणि हमरस्त्यावर स्टीअरिंग भरकटतं, तो कोन परत जुळवायचा. एका टायरपायी सुरू झालेलं काम असं गाडीच्या प्रत्येक सांध्यापर्यंत जाऊन पोचतं. ज्याने हे मधेच सोडलं त्याची गाडी दिसायला दणदणीत आणि चालवायला धोकादायक असते. अशा गाड्या आपल्याकडेही रग्गड आहेत.

रिमचं प्रकरण तर वेगळंच. तीनच्या हवेवर टायर रिमवर नुसता टेकलेला असतो. जोर लागला की रिम आत फिरते आणि टायर जागेवर राहतो, किंवा कडेने निसटून उघडा पडतो. म्हणून रिम रुंद करून घेतात, तिच्या कडेला खरखरीत रेघा पाडतात, काही जण टायर सरळ चिकटवूनच टाकतात. तरीही निसटलाच तर? गाडी जॅकवर घ्यायची, टायरच्या आत ज्वलनशील द्रवाचा फवारा मारायचा आणि काडी लावायची. धाडकन स्फोट होतो आणि टायर रिमवर चढून बसतो. उणे पंधरा अंशांत, वाऱ्यात, घरापासून दिवसभराच्या अंतरावर हा उपाय वापरात आहे. कुतूहल म्हणून कुणी अंगणात करून पाहू नये. बोटं जातात, डोळे जातात.

संध्याकाळी परत रस्त्याला लागलं की चारही टायर पुन्हा भरायचे. ३८ इंची टायरच्या पोटात हवा किती मावते याचा विचार केला तर लायटरच्या सॉकेटवर चालणारा पंप किती केविलवाणा ठरेल ते कळतं. तिथल्या लोकांनी इंजिनावरचा एसीचा कॉम्प्रेसरच हवा भरायला जुंपला. थंड देशात एसीचा याहून चांगला उपयोग नव्हताच.

हे कसब तिथेच का रुजलं, हे नकाशा पाहून समजतं. देश महाराष्ट्राच्या एक तृतीयांश, वस्ती चार लाखांच्या आत आणि तीही जवळजवळ सगळी किनाऱ्याने. मधला पठारी प्रदेश निर्मनुष्य. बेटाला वळसा घालणारा रस्ता पूर्ण जोडला गेला तो १९७४ साली. नुसती वात्नायोकुत्ल ही हिमटोपीच गोव्याच्या दुप्पट आहे. दुसऱ्या महायुद्धात आधी ब्रिटिश आणि मग अमेरिकन सैन्य या बेटावर उतरलं आणि त्यांच्याबरोबर विलिज जीप आली. युद्धानंतर ती शेतकऱ्यांच्या हाती गेली, त्यांनी वाऱ्यापासून बचाव म्हणून तिच्यावर बंदिस्त टप बांधले. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून जोडायला घेतली तीच ही जीप. आपल्याकडे तिने घाटातून वऱ्हाड वाहिलं, तिकडे मेंढ्यांमागे डोंगर तुडवले. १९८०च्या आसपास अमेरिकेत चिखलासाठी बनलेले मोठे टायर तिथे पोचले आणि हवा सोडून बर्फावर तरंगण्याचं तंत्र गॅरेजा-गॅरेजांत पसरलं. १९८३मध्ये या मंडळींचा क्लब निघाला. क्लबचं आज पठारावर स्वतःचं निवाऱ्याचं घर आहे आणि रेडिओचं जाळंही.

चालवण्याचीही एक रीत आहे. एकटी गाडी जात नाही. पुढची गाडी वाट पाडते, दमली की मागची पुढे येते. चाक जागेवर फिरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. नवशिक्याचा पाय नेमका उलटा दाबला जातो. मग मागे, पुढे, पुन्हा मागे, दर वेळी हातभर जास्त. खरी भीती खोल बर्फाची नसते. ती असते वसंतात बर्फाखाली साचलेल्या पाण्याची. वरून पांढरं सपाट मैदान, आणि गाडी गेली की चिकट गारढोण लगद्यात दाराच्या काचेपर्यंत खाली. ओढून काढेपर्यंत ब्रेक गोठलेले असतात.

अशा वेळी धावून येणाऱ्या बचाव पथकांतले लोकही स्वयंसेवकच, लांड्सब्योर्ग या देशव्यापी संघटनेचे. त्यांच्याकडेही अशाच बदललेल्या गाड्या असतात आणि खर्चाचा मोठा वाटा निघतो तो वर्षअखेरीला फटाके विकून. गाडी बुडवणारा आणि ती काढणारा पुष्कळदा एकाच गॅरेजचे गिऱ्हाईक असतात.

सरकारने या वेडाला बंदी न घालता नियम घातले, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. बदललेली गाडी वेगळ्या तपासणीला न्यावी लागते आणि तिच्या कागदावर बदलाची नोंद होते. स्पीडोमीटर नव्या टायरशी जुळवून घ्यावा लागतो. उन्हाळ्यात रस्ता सोडून माळावर गाडी घातली तर दंड होतो, कारण तिथल्या शेवाळावर उठलेला चाकाचा वण कित्येक वर्षं राहतो. गोठलेल्या, बर्फाने झाकलेल्या जमिनीवर मोकळीक. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल यांचा रोख साफ आहे: कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही. चांगलं काम आणि ठोकळे घालून केलेलं काम आरटीओच्या दारात एकाच मापाने मोजलं जातं. मग चांगलं काम करण्याची गरज कुणाला वाटावी?

या कसबाचा आपल्याशी एक थेट धागा आहे आणि तो गोव्यातून जातो. वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने २०१०मध्ये दक्षिण ध्रुवावर पहिली भारतीय वैज्ञानिक मोहीम नेली. संचालक रसिक रविंद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ जण नोव्हेंबरमध्ये अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ तळावरून निघाले आणि ध्रुवावर पोचले. जाऊन येऊन अंतर साडेचार हजार किलोमीटरांच्या आसपास, वाटेत बर्फाचे नमुने गोळा करत. त्यांच्या चार गाड्या आर्क्टिक ट्रक्स या आइसलँडच्या कंपनीने तयार केलेल्या होत्या. कंपनी १९९०मध्ये तिथल्या टोयोटा विक्रेत्याचा एक विभाग म्हणून सुरू झाली. पुढे तिने फिनलंडच्या नोकियनला हाताशी धरून खास या कामासाठी ४४ इंची टायरही बनवून घेतला.

असं असलं तरी घरच्या गॅरेजात काम करणारे अजून जुन्या गाडीकडेच वळतात. नव्या गाडीत सहसा पुढे अखंड अ‍ॅक्सल नसतो. चाक जरा घसरलं की तिचा संगणक इंजिनाची ताकद कापतो, आणि मऊ बर्फात नेमकी तेव्हाच ती हवी असते. ८०च्या मालिकेतलं डिझेल इंजिन पाना आणि पक्कड घेऊन उघडता येतं. अडचण एकच, मीठ. रेक्याविकच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात आणि ते चेसिस पोखरतं. म्हणून अशी गाडी घ्यायला आलेला जाणकार बॉनेट उघडायच्या आधी पाठीवर झोपून खाली सरकतो आणि मागच्या अ‍ॅक्सलवरची चेसिस हातोडीने वाजवून बघतो.