घोडीच्या शेपटीतली काडी

लग्नसराई सुरू झाली की आमच्या जळकोटात वरातीच्या घोडीला उसंत नसते. आज या गल्लीत, उद्या त्या वाडीवर. रात्री बँड वाजतो, फटाके उडतात, नवरदेव पाठीवर बसतो, आणि घोडी शांतपणे पावलं टाकत राहते. परवा सकाळी मी एका घोडीवाल्या मामांच्या अंगणात गेलो, तेव्हाही ती उभीच होती. मान थोडी खाली, डोळे अर्धे मिटलेले.

"मामा, ही झोपते तरी कधी? मी हिला सदा उभीच बघतो."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी घोडीची शेपूट हातात घेतली, केसांतून बोटं फिरवली आणि एक पिवळी काडी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"ही बगा पावती. रातच्याला आडवी झालती."

दोस्तांनो, त्या काडीनं माझ्या डोक्यात प्रश्नांचं मोहोळ उठवलं. घोडी आडवी होते? मग सगळे म्हणतात की घोडा उभ्याउभ्या झोपतो, ते काय?

तेही खरंच आहे. घोड्याच्या मागच्या पायात, पोटाजवळ, आपल्या गुडघ्याशी जुळणारा सांधा असतो. तिथली वाटी मांडीच्या हाडावरच्या एका उंचवट्यावर अडकते, दाराला कडी घालावी तशी. एकदा कडी बसली की स्नायूंना फार जोर न लावता घोडा उभा राहतो आणि डुलकी काढतो. दिवसभरात त्याची झोप साधारण तीन-चार तासांचीच, तीही तुकड्यातुकड्यांनी, आणि त्यातली बरीचशी उभ्यानंच.

पण झोपेचा एक प्रकार उभ्यानं जमत नाही. आपण स्वप्नं पाहतो ती झोप आठवा. त्या वेळी अंगातले स्नायू अगदी सैल पडतात. घोड्याचेही पडतात, मग उभं कसं राहायचं? त्यासाठी त्याला आडवंच व्हावं लागतं, दिवसातून अर्धा-पाऊण तास तरी. आठवडेच्या आठवडे आडवं होताच आलं नाही, तर उभ्यानं पेंगताना त्याचे पुढचे पाय अचानक दुमडतात आणि तो कोसळतो. पुढच्या पायांवर, खुराच्या वरच्या सांध्यापाशी, जुन्या जखमांचे वण दिसले तर जाणता माणूस आधी विचारतो, "याला झोपायला जागा नीट आहे का?"

आणि जागा नीट नसेल तर घोडा आडवा होतच नाही. आडवा पडलेला घोडा चटकन पळू शकत नाही, म्हणून खात्री पटल्याशिवाय तो अंग टाकत नाही. कळपात काही घोडे झोपतात तेव्हा एखादा तरी उभा राहून पहारा देतो. आपल्या शेजारच्या उदगीरला १७६० साली मराठ्यांची आणि निजामाची लढाई झाली. तिथल्या छावण्यांत आगाडी-पिछाडी बांधलेली किती घोडी त्या रात्री निवांत आडवी झाली असतील, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आता एक गंमत बघा. तुमच्या गोठ्यात लाल कंधारी किंवा देवणी गाय असेल, तर ती बसलेली उठते कशी ते पाहा. आधी मागचा भाग उचलते, मग पुढचा. घोड्याचं उलटं! तो आधी पुढचे पाय समोर रोवतो आणि मग मागच्या पायांनी जोर लावून अंग वर फेकतो. त्या क्षणी खूर सरकला तर संपलंच. गुळगुळीत शहाबादी फरशीवर घोडा बसायला कचरतो तो यामुळं. काळ्या मातीचा तर पावसाळ्यात चिखल होतो. म्हणून मामांनी ठाणाच्या तळाला मुरूम ठोकून बसवलाय, थोडा उतार देऊन. पाणी मुरतं, पाय धरतो.

मग त्या मुरमावर अंथरायचं काय? इथं खरी मजा आहे. मी मामांना आमच्या शिवारातली एकेक वस्तू विचारत गेलो.

कडबा? मामांनी कपाळाला हात लावला. "कडबा आंथरायचा? आवो, तो खायाचा हाय!" बरोबरच आहे. ज्वारीच्या कडब्याची पेंढी म्हणजे जनावराचं ताट. ताटावर कोणी झोपत नाही.

सोयाबीनची गुळी? हडंब्यातून निघालेली गुळी आमच्याकडे ढिगानं मिळते. पण मुठीत घेऊन दाबा. काड्या टोचतात, शेंगांची टरफलं खरखरतात, आणि धूळ तर विचारूच नका. उसाचं पाचट? पानाच्या कडेवरून बोट फिरवलं तर चरचरतं, कारण तिथं वाळूतल्या सिलिकाचे बारीक दाते असतात.

भाताचं तूस, गव्हाचं काड आणि आरागिरणीतला लाकडाचा भुसा, हे तीन उरले. यांची परीक्षा तुम्हीच घ्या. तीन सारखे डबे आणा, मोठ्यांच्या मदतीनं तळाला खिळ्यानं सारखीच भोकं पाडा. प्रत्येकात सारख्या वजनाची एकेक वस्तू भरा आणि वरून एकेक पेला पाणी ओता. दहा मिनिटांनी खाली किती पाणी गळलं ते मोजा.

तुसाच्या डब्यातून पाणी भराभर खाली येतं. साळीनं आपला दाणा जपायला ते कवच बनवलेलं असतं, त्यात सिलिका ठासून भरलेली. तूस जाळलं तर वजनाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा राख उरते आणि ती बहुतेक सिलिकाच असते. असलं कवच पाणी काय पिणार! लाकडाचा भुसा मात्र पाणी धरून बसतो. लाकडात झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याच असतात, त्यांचे बारीक तुकडे म्हणजे भुसा. काडाची तऱ्हा तिसरीच. त्याच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून पाणी वरून घसरून खाली उतरतं. पण हात लावून बघा, वरचं काड लवकर कोरडं होतं. गवताचं छप्पर गळत नाही त्यामागं हीच युक्ती आहे.

मोठा घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो आणि पाच-दहा लिटर मूत्र. पायांवर शिंतोडे उडालेले त्याला आवडत नाहीत, म्हणून कडक जमिनीवर तो कितीतरी वेळ थांबतो आणि मऊ अंथरुणावर आला की मोकळा होतो. ते मूत्र तसंच राहिलं तर काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळेच्या मुतारीत डोळ्यांना झोंबतं ना, तोच अमोनिया. मूत्रातला युरिया जंतू फोडतात आणि हा वायू सुटतो. तो जमिनीलगत तयार होतो आणि झोपलेल्या घोडीचं नाक तिथंच असतं. शिवाय घोडा तोंडानं श्वास घेऊच शकत नाही, सगळी भिस्त नाकावर. म्हणून उभ्यानं वास घेऊन "छान आहे" म्हणू नका. मामा रोज सकाळी ठाणात उकिडवे बसतात, तोंड खाली नेतात आणि श्वास घेतात. मीही बसलो. तसंच गुडघेही टेकून पाहायचे. खालचा मुरूम टोचला तर अंथरूण पातळ, आणखी टाकायचं. हाताची वीतभर जाडी तरी हवीच.

नाकाचा दुसरा शत्रू बुरशी. अवकाळी पावसात भिजलेल्या गंजीतलं काड वरून सोनेरी दिसतं आणि आतून काळं पडलेलं असतं. मामा पेंढी उन्हाच्या तिरपेत धरून झटकतात. धुरासारखी पूड उडाली की ती पेंढी बाहेर.

आणि पोट? घोड्याला उलटी करता येत नाही. चुकीचं काही पोटात गेलं तर परतीची वाट बंद. भुकेलेली घोडी अंथरुणातलं काडच खात सुटली तर आतडं गच्च होऊन पोटशूळ उठू शकतो. म्हणून आधी पोटभर वैरण, मग अंथरूण. लाकडाचा भुसा आणतानाही विचारायचं, कोणत्या लाकडाचा? अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाचा ताजा भुसा अंथरला तर घोडा न खाताही, नुसता त्यावर उभा राहून, एका दिवसात पाय सुजून लंगडतो. ते झाड आपल्याकडे नाही, पण विचारायची सवय असलेली बरी. भुशात खिळेही निघतात.

बरेच लोक भुसाच सगळ्यांत चांगला म्हणतील, कारण तुमच्या डब्यात तोच जिंकला. मला तसं वाटत नाही. इथं शेत मध्ये येतं. मूत्रातला युरिया आणि खताच्या गोणीतला युरिया एकच पदार्थ आहे, कणाचाही फरक नाही. अंथरूण तो धरून ठेवतं आणि लिदीसकट उकिरड्यावर जातं. हिवाळ्यात पहाटे त्या ढिगातून वाफ निघते, आत साठ अंशांपर्यंत ऊब असते. काड त्यात लवकर कुजतं. लाकूड कुजायला फार वेळ लागतो, आणि अर्धकच्चा भुसा रानात गेला तर तो कुजवणारे जंतू पिकाच्या वाट्याचं नत्र आधी खाऊन टाकतात. पीक पिवळं पडतं.

मामांनी मधली वाट काढलीय. घोडी ज्या कोपऱ्यात मुतते, तिथं खाली थोडा भुसा. बाकी सगळीकडे गव्हाचं काड, आणि भिंतीलगत ते चढवून बांध घातलेला, म्हणजे लोळताना घोडी भिंतीला अडकून पडत नाही.

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. लोहा तालुक्यात, आपल्यापासून लांब नाही. घोड्यांच्या रांगाच्या रांगा असतात. यंदा गेलात तर सकाळी लवकर जा. मालकाला विचारून, मागच्या पायांपासून दूर उभं राहून, प्रत्येकाची आयाळ, कूस आणि शेपूट निरखा. काडी दिसली तर मला पत्र लिहा, आणि ती कशाची होती तेही कळवा.