नववीच्या उंबऱ्यावर अडलेली शिष्यवृत्ती

पुण्याहून महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची सूचना निघाली की ती थोड्याच वेळात केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप गटावर पडते. तिथून बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांच्या फोनवर यायला तिला वेळ लागत नाही. पुढचं अंतर मात्र कुणातरी माणसालाच कापावं लागतं. शाळा ते वस्ती, आणि वस्ती ते उसाच्या फडाकडे निघायच्या तयारीत असलेलं घर. अशाच एका शाळेच्या कार्यालयात बसून मी हे काम पाहत होतो. त्या सूचनेचा विषय होता आठवीची एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा.

ही योजना केंद्र सरकारची, 2008 सालापासूनची. देशभरात दरवर्षी 1 लाख नव्या शिष्यवृत्त्या मिळतात, त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682 येतात. निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये, चार वर्षांचे मिळून 48,000. अट अशी की मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावं, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं आणि सातवीला 55 टक्के गुण असावेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50 टक्के चालतात. कोरडवाहू शेती आणि कोयता यांवर चालणाऱ्या घरात ही रक्कम काय असते, हे मुलीचं लग्न ठरवायला बसलेल्या बैठकीत कळतं. ‘तिच्या खात्यावर तिचे पैसे येतात, बारावीपर्यंत तरी शिकू द्या,’ असं म्हणायला आईच्या हातात काहीतरी राहतं.

मुख्याध्यापकांनी सातवीच्या निकालाचं रजिस्टर काढलं आणि पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली. पात्र कोण, ते तिथंच कळलं. अवघड भाग त्यानंतरचा. जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख 1 जून, आधारवर 1 जानेवारी. रजिस्टरमध्ये आडनाव आधी, आधारवर शेवटी. इंग्रजीत वडिलांच्या नावात एक अक्षर कमी. सर प्रत्येक मुलाचं आधार कार्ड खिडकीजवळ उजेडात धरून अक्षर-अक्षर जुळवत होते. जिथं जुळत नव्हतं तिथं घरी निरोप जात होता: दुरुस्ती करून आणा, आत्ताच आणा. मी विचारलं, परीक्षेचा अर्ज तर असाही भरला जाईल ना? ते म्हणाले, ‘अर्ज भरला जाईल हो, पण पैसे अडकतील. दीड वर्षानं.’ त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते पुढे कळलं.

उत्पन्नाच्या दाखल्याची कथा निराळी. आधी तलाठ्याचा अहवाल, मग सेवा केंद्रात अर्ज, मग तहसीलदारांची सही. एका हेलपाट्यात काम झालं तर नशीब. एक हेलपाटा म्हणजे एका माणसाची एका दिवसाची मजुरी. शाळेतल्या एका मॅडमनी यावर उपाय काढला होता. सगळ्या मुलांची कागदपत्रं एका पिशवीत घालून तालुक्याला बैठकीला जाताना त्या स्वतःच घेऊन जायच्या. असं करायला कुठलाही शासन निर्णय त्यांना सांगत नाही.

अर्ज शाळेच्या लॉगिनमधून भरतात. फोटोसाठी मुलं पांढऱ्या भिंतीसमोर एकेक करून उभी राहिली. मग सही. आठवीतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी सही केलेली नव्हती. सरांनी कोरा कागद दिला आणि सांगितलं, ‘जी कराल तीच पुढं बँकेत करायची. सोपी ठेवा.’ एका मुलीने आपलं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली रेघ ओढली, आणि मग वहीच्या मागच्या पानावर तीच सही गिरवत राहिली.

हे सगळं दसरा-दिवाळीच्या दरम्यान चाललेलं, आणि बीड जिल्ह्यात नेमक्या याच दिवसांत गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, पश्चिम महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले साखर कारखाने सुरू होत असतात. परीक्षा साधारण डिसेंबरमध्ये. म्हणजे ज्या मुलांसाठी ही शिष्यवृत्ती सगळ्यात गरजेची, तीच परीक्षेच्या दिवशी फडावर असण्याची भीती. सही गिरवणाऱ्या मुलीचे वडील शाळेत आले ते निरोप घ्यायलाच.

‘गुरुजी, परवा गाडी येणार हाय. पोरीला संगं न्यावं लागतंय. धाकट्याला कोपीवर कोण बघायचं?’

‘दादा, परीक्षेपुरती तरी ठेवा. आजी आहे ना घरी? जेवणाची सोय हंगामी वसतिगृहातून होते.’

‘अन् पास नाही झाली तर?’

‘झाली नाही तरी तिचं शाळेचं वर्ष वाचतंय. ते काय कमी आहे?’

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हातारीला इचारतो.’ मुलगी राहिली. तिच्याच वर्गातली दोन मुलं मात्र गेली. त्यांचे अर्ज भरलेले होते.

परीक्षेविषयी थोडक्यात. दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न आणि 90 मिनिटं. पहिला बौद्धिक क्षमतेचा: संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आकृत्या, वेन आकृती. दुसरा शालेय क्षमतेचा, सातवी-आठवीच्या अभ्यासक्रमावरचा: विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20. उत्तीर्ण व्हायला सर्वसाधारण गटाला दोन्ही मिळून 40 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 32 टक्के लागतात. पण उत्तीर्ण होणं आणि निवड होणं या दोन गोष्टी आहेत. जिल्ह्याचा कोटा ठरलेला असतो, यादी गुणवत्तेनं आणि प्रवर्गानुसार लागते. त्यामुळे उत्तीर्ण होऊनही यादीबाहेर राहणारी मुलं पुष्कळ. मराठा-कुणबी समाजातल्या अशा मुलांसाठी सारथी संस्थेची वर्षाला 9,600 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि हे अनेक घरांना माहीतच नसतं. या शाळेत शाळा सुटल्यावर तासभर जादा वर्ग चालायचा. आकृत्यांच्या प्रश्नांत मुलं रमायची, विज्ञानाला कंटाळायची. एवढं पुरे.

माझं लक्ष अडकलं ते निकालानंतरच्या टप्प्यावर. शाळेच्या फळ्यावर नावं लागतात, गावात सत्कार होतो, पेढे वाटले जातात. सगळ्यांना वाटतं, शिष्यवृत्ती मिळाली. प्रत्यक्षात तोवर एक रुपयाही मिळालेला नसतो. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर विद्यार्थ्याला नव्याने अर्ज करावा लागतो. तो आधी शाळेच्या आणि मग जिल्ह्याच्या पातळीवर तपासला जातो आणि त्यानंतरच पैसे खात्यात येतात. आता अडचण पाहा. ही शाळा आठवीपर्यंतच आहे. निकाल या शाळेला कळतो, अर्ज मात्र दुसऱ्या गावच्या हायस्कुलातून जायला हवा. जुन्या शाळेचं काम संपलेलं असतं आणि नव्या शाळेला या मुलाने परीक्षा दिली होती हेच ठाऊक नसतं. मूल स्वतःहून सांगेल, तर तेरा-चौदा वर्षांचं ते मूल नव्या वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसलेलं असतं. मुदत टळली आणि नववीतला पहिला अर्ज राहिला, तर चारही वर्षांचे पैसे गेले.

मी अशा मुलांना भेटलो. एकाला चांगल्या शिक्षणाच्या आशेने घरच्यांनी कर्ज काढून विनाअनुदानित शाळेत घातलं. त्या शाळेत ही शिष्यवृत्ती मिळत नाही, हे प्रवेश घेताना कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या मुलीने आईच्या खात्याचा क्रमांक दिला होता. खातं तिचं स्वतःचं आणि आधारशी जोडलेलं लागतं. तिसऱ्याचं नाव निकालाच्या यादीत एक, आधारवर दुसरं. दीड वर्षापूर्वी खिडकीजवळ जुळवायचं राहिलेलं तेच एक अक्षर.

म्हणून या शाळेतले सर जुलैमध्ये निवड यादीची छापील प्रत खिशात घालून मोटरसायकलवर आसपासची हायस्कुलं पालथी घालतात. नववीच्या वर्गशिक्षकांना भेटतात, नावांवर खूण करून देतात, संध्याकाळी फोन करून विचारतात. नव्या शाळेतले शिक्षकही कामाच्या ओझ्याखाली असतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष व्यवस्थेच्या मांडणीत आहे. परीक्षेची सूचना पोचवायला पुण्यापासून गावापर्यंत साखळी आहे, पण आठवीच्या शाळेकडून नववीच्या शाळेकडे निवडलेल्या मुलाची जबाबदारी सोपवणारी कडी नाही. मुलगा दुसऱ्या शाळेत जाताना दाखल्याबरोबर निवडीचा एक कागद जावा आणि त्यावर नव्या मुख्याध्यापकांनी पोच द्यावी, एवढं केलं तरी पुष्कळ पैसे वाचतील. महिना 1,000 रुपये हा दर 2017 पासूनचा आहे. तो वाढायला हवा हे खरंच, पण जे मंजूर आहेत ते तरी मुलाच्या हाती पडावेत.

पहिला हप्ता आला म्हणूनही काम संपत नाही. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात जावं लागतं. दहावीला 60 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 55 टक्के हवेत. अकरावीला कॉलेज बदललं की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो: नव्या ठिकाणी कुणाला सांगायचं?

तुमच्या घरात, भावकीत, शेजारी किंवा कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी आठवीतलं मूल असेल तर आत्ताच त्याच्या आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव शेजारी ठेवून वाचा. उत्पन्नाचा दाखला दिवाळीपूर्वी काढा. मुलाच्या नावाने खातं उघडून ते आधारशी जोडून घ्या. ते निवडलं गेलं तर नववीचा प्रवेश अनुदानित किंवा सरकारी शाळेतच घ्या. जून-जुलैमध्ये त्या शाळेत स्वतः जाऊन विचारा की शिष्यवृत्तीचं काम कोणते सर पाहतात. आणि पोर्टलवरचा अर्ज शाळेने आणि जिल्ह्याने मंजूर केल्याचं दिसेपर्यंत त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहा.