गोळी, शाळा आणि वर्षातून दोन इंजेक्शने

एचआयव्हीचा संसर्ग कशाने होतो आणि तो कसा टाळता येतो, याविषयीचे मूलभूत ज्ञान १९८० च्या दशकातच हाती आले होते. तरीही २०२३ मध्ये जगभरात दर आठवड्याला १५ ते २४ वयाच्या सुमारे ४,००० मुली व तरुण स्त्रियांना या विषाणूची नव्याने लागण होत होती आणि त्यांपैकी सुमारे ३,१०० जणी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील होत्या, असा संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाचा, म्हणजे यूएनएड्सचा, अंदाज आहे. ज्ञान आणि बचाव यांच्यातील हे अंतर कशामुळे राहते, याचा शोध घेणाऱ्या संशोधनाचा मोठा भाग दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिम्बाब्वे, केनिया, मलावी आणि बोट्स्वाना या देशांतील तरुण स्त्रियांच्या सहभागातून उभा राहिला आहे. या संशोधनात दोन प्रश्न सतत एकमेकांत गुंतलेले दिसतात: प्रतिबंधाचे साधन शरीरात काम करते का, हा पहिला आणि ते वापरणे एखाद्या मुलीला तिच्या घरात, शाळेत आणि नातेसंबंधात शक्य आहे का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले तेव्हा पहिल्याचे उत्तरही हाती लागले नाही, हे कळायला संशोधकांना बराच काळ आणि काही मोठी अपयशे खर्ची घालावी लागली.

लागणीची साखळी

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, गांधीजींना १८९३ मध्ये जेथे रेल्वेच्या डब्यातून उतरवले गेले त्या पीटरमॅरित्झबर्गच्या परिसरात, वुलिंडलेला आणि ग्रेटर एडनडेल या वस्त्यांमध्ये २०१४-१५ साली घरोघरी जाऊन रक्ततपासणी करण्यात आली. १५ ते २५ वयाच्या स्त्रियांमध्ये संसर्गाचे प्रमाण २२.३ टक्के आणि त्याच वयाच्या पुरुषांमध्ये ७.६ टक्के आढळले. स्त्रीच्या जननमार्गातील नाजूक आवरण, विशेषतः कोवळ्या वयात, विषाणूला अधिक सहज वाट देते, हे या तफावतीचे एक कारण आहे. परंतु समवयस्क मुलांमध्ये संसर्ग इतका कमी असताना मुलींना तो होतो कोणाकडून, या प्रश्नाचे उत्तर केवळ शरीररचनेत मिळण्यासारखे नव्हते.

ते उत्तर विषाणूच्या जनुकीय वंशावळीने दिले. एचआयव्ही आपल्या प्रती काढताना सतत बारीकसारीक चुका करतो आणि त्या चुका पुढच्या प्रतींमध्ये उतरत जातात. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक लेखनिकांच्या चुका ताडून कोणती पोथी कोणत्या कुळातली हे ठरवतात, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना हीच दृष्टी वापरली होती; विषाणूच्या बाबतीतही दोन व्यक्तींच्या शरीरातील प्रतींमध्ये समान चुका दिसल्या, तर त्या दोघांचा संसर्ग एकाच साखळीतला असल्याचे अनुमान करता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पंचविशीच्या आतील स्त्रिया ज्या पुरुषांशी अशा रीतीने जोडल्या गेल्या, ते त्यांच्याहून सरासरी ८.७ वर्षांनी मोठे होते, तर २५ ते ४० वयाच्या स्त्रियांशी जोडले गेलेले पुरुष सरासरी केवळ १.१ वर्षांनी मोठे होते. यावरून संशोधकांनी एका चक्राचे चित्र मांडले: तिशीच्या आसपासच्या पुरुषाला समवयस्क स्त्रीकडून लागण होते, त्याच्याकडून ती विशीतल्या किंवा त्याहून लहान मुलीकडे जाते, आणि ती मुलगी मोठी झाल्यावर तिच्या पिढीतील पुरुषापर्यंत विषाणू पोहोचून तेच चक्र पुढे सुरू राहते.

या चित्राचा अर्थ असा की मुलीचा बचाव करायचा तर तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या पुरुषाची तपासणी आणि उपचारही आवश्यक ठरतात. उपचाराने बाधित व्यक्तीच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण इतके घटते की तिच्याकडून जोडीदाराला लागण होण्याची शक्यता जवळजवळ संपते. हे सिद्ध करणाऱ्या चाचणीत नऊ देशांतील १,७६३ जोडपी सहभागी होती, तिची केंद्रे पुण्यात आणि चेन्नईतही होती, आणि लवकर उपचार सुरू केलेल्या गटात जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. मात्र ज्या वयोगटातील पुरुष हे चक्र फिरते ठेवतात, तेच आरोग्यकेंद्राची पायरी सर्वांत कमी चढतात, हे आफ्रिकेतील आरोग्ययंत्रणांचे जुने दुखणे आहे.

माहिती, शाळा आणि पैसा

माहितीचा उपयोग होतो की नाही, यापेक्षा कोणती माहिती उपयोगी पडते, हा प्रश्न अधिक फलदायी ठरला. केनियातील अधिकृत अभ्यासक्रमात विवाहापर्यंत संयम पाळण्यावर भर होता. अर्थतज्ज्ञ पास्कलीन दुपास यांनी पश्चिम केनियातील शाळांमध्ये केलेल्या प्रयोगात काही शाळांतील शिक्षकांना हा अभ्यासक्रम शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले, तर काही शाळांतील विद्यार्थ्यांना एका छोट्या सत्रात आणखी एक गोष्ट आकडेवारीसह सांगण्यात आली, ती म्हणजे समवयस्क मुलांच्या तुलनेत वयाने मोठ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण कितीतरी जास्त असते. पहिल्या उपायाने किशोरवयीन गर्भधारणेच्या प्रमाणात फरक पडला नाही. दुसऱ्याने ते २८ टक्क्यांनी घटले. गर्भधारणा हे असुरक्षित संबंधांचे अप्रत्यक्ष माप म्हणून येथे वापरले होते. काय करू नये हे सांगणाऱ्या उपदेशापेक्षा धोका नेमका कोठे आहे हे दाखवणारी माहिती मुलींनी अधिक वापरली, असा त्याचा अर्थ लावता येतो. महाराष्ट्रासह काही भारतीय राज्यांनी २००७ मध्ये शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला मनाई केली, तेव्हा अशा माहितीने मुले बिघडतील ही भीती चर्चेत मोठी होती; लैंगिक शिक्षणामुळे संबंधांना लवकर सुरुवात होते, या समजुतीला मात्र जगभरातील अभ्यासांच्या आढाव्यांत आधार मिळालेला नाही.

केवळ शाळेत टिकून राहण्याचाही परिणाम होतो, हे बोट्स्वानामधील एका योगायोगाने दिसून आले. त्या देशाने १९९६ मध्ये माध्यमिक शिक्षणाची रचना बदलून दहावीचे वर्ष वरच्या टप्प्यातून खालच्या टप्प्यात आणले, आणि त्यामुळे बदलानंतरच्या तुकड्यांतील मुलांचे शिक्षण आधीच्या तुकड्यांपेक्षा सरासरीने वाढले. कोणी कोणत्या साली जन्मावे हे कोणाच्या हातात नसल्यामुळे या बदलाला नैसर्गिक प्रयोगाचे रूप आले, आणि माध्यमिक शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे एचआयव्ही होण्याचा एकूण धोका ८.१ टक्के-बिंदूंनी घटल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले. बदलापूर्वीच्या तुकड्यांत संसर्गाचे प्रमाण २५.५ टक्के होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटीचे मोल कळते. आणि ती मुलींमध्ये विशेष ठळक होती.

पैशाचे उत्तर इतके सरळ आले नाही. मलावीच्या झोम्बा जिल्ह्यात १३ ते २२ वयाच्या अविवाहित मुलींना व त्यांच्या कुटुंबांना दरमहा थोडी रक्कम देण्यात आली, आणि अठरा महिन्यांनंतर रक्कम मिळणाऱ्या गटात एचआयव्हीचे प्रमाण १.२ टक्के, तर न मिळणाऱ्या गटात ३ टक्के आढळले. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागात २,५३३ मुलींवर झालेल्या चाचणीत मात्र शाळेतील हजेरीच्या अटीवर दिलेल्या रकमेने संसर्गात फरक पडला नाही. तेथे दोन्ही गटांतील हजेरी मुळातच सुमारे ९५ टक्के होती, त्यामुळे रकमेने भरून काढावी अशी उणीव फारशी उरलेली नव्हती. मात्र ज्या मुलींची शाळा सुटली किंवा हजेरी कमी राहिली, त्यांच्यात संसर्गाचा धोका अधिक दिसला, तेव्हा शाळेचे महत्त्व या चाचणीनेही अधोरेखित केले. एका देशात यशस्वी झालेला उपाय दुसरीकडे नेण्यापूर्वी तेथील मुलीला नेमके काय कमी पडते आहे, हे आधी पाहावे लागते.

न घेतलेल्या गोळ्या

संसर्ग होण्याआधीच एचआयव्हीविरोधी औषध घेऊन तो टाळण्याच्या पद्धतीला ‘प्रेप’ म्हणतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण आफ्रिकेतील ८८९ स्त्रियांवरील चाचणीत टेनोफोविर या औषधाच्या योनीमार्गात लावायच्या जेलने संसर्ग ३९ टक्क्यांनी कमी केल्याचे दिसले, आणि जोडीदाराची संमती न लागणारे साधन प्रथमच स्त्रीच्या हाती येणार अशी आशा निर्माण झाली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतील ५,०२९ स्त्रियांना घेऊन ‘व्हॉइस’ नावाची मोठी चाचणी झाली. तीत रोजची गोळी आणि रोजचे जेल यांची तुलना प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या पण हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पदार्थाशी, करण्यात आली. कोणत्याच साधनाने संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही, आणि दरवर्षी शंभर स्त्रियांमागे जवळपास सहा जणींना लागण होत राहिली.

कारण रक्ताच्या नमुन्यांत सापडले. आपण औषध नियमित घेतो असे स्त्रिया सांगत होत्या, परत आलेल्या डब्यांतील उरलेल्या गोळ्यांवरूनही औषध ८६ टक्के वापरले गेल्याचे दिसत होते. प्रत्यक्षात औषधाचा अंश ३० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत मिळाला नाही. त्यानंतरच्या एका उपक्रमात संशोधकांनी काही स्त्रियांसमोर त्यांच्याच रक्ताचे निष्कर्ष ठेवून मोकळेपणाने बोलते केले, तेव्हा दुष्परिणामांची धास्ती, वस्तीतील अफवा, जोडीदाराचा संशय आणि ही तर बाधितांची गोळी आहे असे कोणी समजेल ही भीती, अशी कारणे पुढे आली. महिनाभर योनीमार्गात राहून डापिव्हिरीन हे औषध हळूहळू सोडणाऱ्या कड्यानेही २०१६ मधील एका चाचणीत पंचविशीपुढील स्त्रियांमध्ये संसर्ग ६१ टक्क्यांनी घटवला, पण त्याहून लहान स्त्रियांमध्ये असा ठळक लाभ दिसला नाही. सर्वाधिक धोक्यातील वयाच्या मुलींपर्यंत साधन पोहोचत होते. त्यांच्या जगण्यात मात्र ते बसत नव्हते.

सहा महिन्यांचे संरक्षण

लेनाकापाविर या औषधाच्या चाचणीमागे हा अनुभव होता. एचआयव्हीचे जनुकीय द्रव्य ज्या प्रथिनांच्या कवचात असते त्याला कॅप्सिड म्हणतात. लेनाकापाविर या कवचाला चिकटून त्याची बांधणी आणि उकल बिघडवते, त्यामुळे विषाणूला पेशीत बस्तान बसवता येत नाही. औषध पोटाच्या त्वचेखाली टोचल्यावर तेथे साठा होतो आणि तो सहा महिने झिरपत राहतो. पहिल्या दोन दिवशी मात्र सोबत गोळ्याही घ्याव्या लागतात.

‘पर्पज १’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील १६ ते २५ वयाच्या ५,३३८ स्त्रिया सहभागी झाल्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना अशा संशोधनातून सहसा वगळले जाई. त्यांना येथे स्थान मिळाले आणि चाचणीदरम्यान गरोदर राहिलेल्या स्त्रियांनाही त्यांची संमती घेऊन सहभागी राहता आले. प्रभावी गोळी उपलब्ध असताना काही जणींना केवळ प्लासिबोवर ठेवणे अनैतिक ठरले असते, म्हणून प्रत्येकीला कोणते ना कोणते खरे औषध मिळेल अशी रचना केली होती: एका गटाला लेनाकापाविरचे इंजेक्शन आणि प्लासिबो गोळी, तर उरलेल्या दोन गटांना खरी गोळी आणि प्लासिबो इंजेक्शन. प्रतिबंध नसताना किती जणींना लागण झाली असती, याचा अंदाज निवडीसाठी तपासलेल्या आठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या रक्तातील ताज्या संसर्गांवरून काढण्यात आला, आणि तो दरवर्षी शंभर स्त्रियांमागे २.४१ असा आला.

जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लेनाकापाविर घेतलेल्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. एका गोळीच्या गटात २,१३६ पैकी ३९ आणि दुसऱ्या गोळीच्या गटात १,०६८ पैकी १६ जणींना ती झाली, म्हणजे गोळ्यांच्या गटांतील प्रमाण प्रतिबंध नसतानाच्या अंदाजाच्या जवळपासच राहिले. या गोळ्या घेतल्या तर उपयोगी पडतात, हे इतर चाचण्यांनी दाखवले आहे. येथेही त्या बहुतेकींनी नियमित घेतल्या नाहीत, हे रक्ततपासणीतून दिसले. व्हॉइसमध्ये ज्याला स्त्रियांचा निष्काळजीपणा समजणे सोपे होते, ते रोजच्या गोळीच्याच मर्यादेचे लक्षण असल्याचे दहा वर्षांनी असे उघड झाले.

अमेरिकेने जून २०२५ मध्ये या औषधाला प्रतिबंधासाठी मान्यता दिली आणि पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. अमेरिकेतील त्याची जाहीर किंमत वर्षाला २८,००० डॉलरहून अधिक आहे. मूळ कंपनी गिलियडने ऑक्टोबर २०२४ मध्ये १२० देशांसाठी स्वस्त प्रती बनवण्याचे परवाने सहा उत्पादकांना दिले, त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज व हेटेरो यांच्याबरोबर पुण्याची एमक्युअर ही कंपनीही आहे. आणि २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलर किमतीत हे औषध देण्याचे करार सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मात्र २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि नंतर प्रेपसाठीचा निधी गरोदर व स्तनदा स्त्रियांपुरता मर्यादित केला, तेव्हा ज्या दवाखान्यांमधून तरुण मुलींपर्यंत हे साधन पोहोचायचे, त्यांतील अनेकांचा आधारच डळमळला.

या इंजेक्शनाने गर्भधारणा किंवा इतर लैंगिक आजार टळत नाहीत, त्यामुळे कंडोमची गरज कायम राहते. आणि पीटरमॅरित्झबर्गजवळच्या अभ्यासात दिसलेला, तिशीच्या आसपासचा, तपासणी न झालेला पुरुषही त्याने दवाखान्यात येत नाही. गोळी मुलीकडे वर्षातून ३६५ वेळा निर्धाराची आणि लपवाछपवीची मागणी करते, इंजेक्शन ती दोनदाच करते. त्या दोन दिवशी दवाखाना उघडा असणे, साठा शिल्लक असणे, नावे न ठेवणारी परिचारिका समोर असणे आणि शाळेतून तेवढी सवड मिळणे, या गोष्टी मात्र त्या मुलीच्या हातातल्या नाहीत. त्यांची तजवीज निधी आणि धोरण ठरवणाऱ्यांनाच करावी लागणार आहे.