समुद्रातली बाळंतीण

वरळी आणि माहीमच्या कोळीवाड्यांत बाळंतीण घरी आली की मोरीचं कालवण होतं, मुडदुशांचा हलका रस्सा होतो. दूध भरपूर यावं, बाळाच्या अंगी लागावं, हा त्यामागचा हेतू. या दोन कोळीवाड्यांच्या मधोमध प्रभादेवीचा किनारा आहे आणि त्यासमोरच्या समुद्रात दूध पाजणाऱ्या आणखी काही आया राहतात. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबईच्या किनाऱ्यालगत उसळ्या मारणाऱ्या डॉल्फिनचे व्हिडिओ घरोघरी पाहिले गेले. शहर थांबलं म्हणून ते कुठून तरी लांबून आले, असा अनेकांचा समज झाला. खरं तर ते इथलेच आहेत.

हे हम्पबॅक डॉल्फिन. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटासा पर, अशी त्यांची ओळख. खोल समुद्राची त्यांना ओढ नाही. साधारण पंचवीस मीटरपेक्षा उथळ पाणी, खाड्यांची तोंडं, खडकाळ किनारे हाच त्यांचा मुलूख. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत ते दिसतात. २०१७पासून जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेच्या लाल यादीत त्यांची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे. ही अवस्था येण्याचं एक कारण त्यांच्या संथ वंशवाढीत आहे. मादी दहा ते बारा महिने गाभण राहते, एका वेळी एकच पिल्लू देते, दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ त्याला पाजते. दोन पिल्लांमध्ये तीनेक वर्षांचं अंतर पडतं. एवढ्या काळात आईला काय खायला मिळालं, यावर पिल्लाचं सारं अवलंबून असतं.

पाण्याखाली दूध पाजणं ही मुळात अवघड गोष्ट. डॉल्फिनच्या पिल्लाला चोखायला ओठ नसतात. ते आईच्या पोटाखाली जातं, जिभेच्या कडा वळवून तिची नळी करतं आणि आचळाभोवती घट्ट बसवतं. त्या जिभेला झालरीसारख्या दातेरी कडा असतात, त्यामुळे फट राहत नाही आणि खारं पाणी आत शिरत नाही. मग आई स्नायू आवळून दुधाची चिळकांडी सोडते. काही सेकंदांत पिणं उरकतं, कारण दोघांनाही श्वासासाठी वर यायचं असतं. वेळ इतका थोडा, म्हणून दूधही तितकंच घट्ट. गायीच्या दुधात चार टक्के स्निग्धांश, म्हशीच्या दुधात सात. निळ्या देवमाशाच्या दुधात तो पस्तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत जातो आणि पिल्लू दिवसाला नव्वद किलोच्या आसपास वजन मिळवतं.

एवढी चरबी आई आणते कुठून? सागरी सस्तन प्राण्यांनी याची दोन वेगळी उत्तरं शोधली आहेत. काही जाती आधी साठवतात आणि मग उपाशीपोटी पाजतात. उत्तर अटलांटिकच्या बर्फावर विणारी हूडेड सील ही सीलची जात याचं टोक गाठते. तिचं पिल्लू फक्त चार दिवस दूध पितं; तेवढ्यात बावीस किलोंवरून पंचेचाळीस किलोंवर पोचतं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर विणाऱ्या राइट व्हेल या देवमाशाचीही रीत हीच. तिथे संशोधकांनी ड्रोनमधून वरून छायाचित्रं घेतली आणि त्यांवरून माय-लेकरांची मापं काढली. पाजण्याच्या सुमारे तीन महिन्यांत आयांचं आकारमान पाव हिश्शाने घटलं होतं. जी आई मोठी आणि धष्टपुष्ट, तिचं पिल्लू झपाट्याने वाढत होतं. जी आधीच रोड, तिचं मागे पडत होतं. विणीच्या आधी दूरच्या थंड समुद्रात तिने काय आणि किती खाल्लं, ते पिल्लाच्या अंगावर दिसत होतं.

डॉल्फिनला ही साठवणीची सोय नाही. त्यांची आई रोज कमावते आणि रोज पाजते. मत्स्यालयांतल्या बॉटलनोज डॉल्फिनच्या नोंदी सांगतात की पाजणाऱ्या मादीचा आहार दीडपट ते दुप्पट होतो. म्हणजे आठवडाभर मासळी कमी मिळाली, तर त्याची झळ पिल्लापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

आणि पोट भरणं पुरेसं नसतं. कशाने भरलं, हेही तितकंच महत्त्वाचं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. २०१५च्या पहिल्या पाच महिन्यांतच तिथल्या किनाऱ्यांवर तीन हजारांहून जास्त सी लायनची पिल्लं येऊन पडली. हाडं दिसत होती, कातडी लोंबत होती. कारण शोधताना संशोधकांचं लक्ष आयांच्या आहाराकडे गेलं. सार्डिन आणि अँचोव्ही या तेलकट माशांचं प्रमाण विणीच्या बेटांजवळ घटलं होतं आणि आया म्हाकुळ व रॉकफिशवर भागवत होत्या. समुद्रात खाद्य होतं, पण त्यात उष्मांक कमी होते. दूध पुरलं नाही आणि पिल्लं वेळेआधीच अन्नाच्या शोधात बाहेर पडली.

मुंबईकराला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. तारली तव्यावर टाकली की तिचं तेल सुटतं. ओल्या बोंबलात मात्र जवळजवळ नव्वद टक्के पाणीच. हम्पबॅक डॉल्फिनच्या आहारात किनाऱ्याजवळची मासळी असते: बोय, ढोमा, तारलीच्या कुळातले मासे. यातली बरीचशी खाडीत आणि कांदळवनात लहानाची मोठी होते. म्हणून खाडी बुजवणं, कांदळवन तोडणं, बारीक आसाच्या जाळ्याने पिल्लासकट मासळी उपसणं, एलईडी दिवे लावून मासे गोळा करणं, हे सगळं शेवटी डॉल्फिनच्या दुधापर्यंत पोचतं. एलईडी मासेमारीवरचा दंड राज्याने २०२१मध्ये कायदा दुरुस्त करून वाढवला. अंमलबजावणी तितकीच कडक हवी. जून-जुलैची मासेमारीबंदी कोळी बांधवांच्या पुढच्या हंगामासाठी असते, पण तिचा लाभ किनाऱ्यालगतच्या या आयांनाही होतो.

उपासमार गर्भातही पोचते. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओर्का, म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातले प्राणी, मुख्यतः चिनूक सामन या माशावर जगतात आणि तो सामन घटला आहे. २००८ ते २०१४ या काळात त्यांच्या विष्ठेतली संप्रेरकं तपासली गेली, तेव्हा दोनतृतीयांशाहून जास्त गर्भ टिकले नाहीत असं आढळलं. याच समूहातली ताहलेक्वा नावाची मादी २०१८मध्ये आपलं मेलेलं पिल्लू सतरा दिवस डोक्यावर पेलत पोहत होती. तिच्या दुःखाची छायाचित्रं जगभर गेली. त्यामागची सामनची टंचाई मात्र फार थोड्यांनी ध्यानात घेतली.

दुधातून पोषण जातं, तसं विषही जातं. डीडीटी आणि पीसीबी ही घातक रसायनं चरबीत साठतात. आई वर्षानुवर्षं मासे खाते, ते अंगात जमत राहतात आणि पहिलं पाजणं सुरू झालं की दुधावाटे बाहेर पडतात. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ किनाऱ्यावरच्या बॉटलनोज डॉल्फिनच्या अभ्यासात असा अंदाज निघाला की आईच्या अंगातल्या या विषाचा सुमारे ऐंशी टक्के वाटा पहिल्या पिल्लाकडे जातो. मिठी नदी माहीमच्या खाडीतून ज्या पाण्यात उतरते, तेच प्रभादेवीसमोरचं पाणी आहे. महानगराचं सांडपाणी कुठे जातं, या प्रश्नाकडे या बाजूनेही पाहायला हवं.

कोकणच्या समुद्रात देवमासेही येतात. २०१५मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळ निळे देवमासे दिसल्याची नोंद झाली. श्रीलंकेजवळ याच जातीचे देवमासे जवळ्याच्या कुळातल्या बारीक कोळंबीवर ताव मारताना आढळले आहेत. पण कोकणच्या लोकांच्या मनात राहिलं आहे ते गणपतीपुळ्याचं पिल्लू. नोव्हेंबर २०२३मध्ये देवमाशाचं सुमारे तीस फुटांचं पिल्लू तिथल्या वाळूत रुतलं. वन विभागाची माणसं, ग्रामस्थ आणि बचावपथकं जवळपास चाळीस तास झटली. अंगावर पाणी ओतत राहिले, सलाईन दिलं, अखेर ते खोल पाण्यात नेऊन सोडलं. त्या पिल्लासाठी लोक तहानभूक विसरले होते. तरी ते पुन्हा किनाऱ्याला लागलं आणि गेलं. आईपासून तुटलेलं दूधपितं पिल्लू पाण्यात सोडलं तरी उपाशीच राहतं, कारण त्याचं अन्न आईखेरीज कुणाकडेही नसतं.

म्हणून दादर, प्रभादेवी किंवा कोकणच्या कुठल्याही किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन वा त्याचं पिल्लू लागलेलं दिसलं, तर ते घाईने एकटं पाण्यात ढकलू नये. शेपटी धरून ओढू नये. अंगावर ओलं फडकं टाकावं, डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी वा वाळू जाऊ देऊ नये, गर्दी लांब ठेवावी आणि ताबडतोब वन विभागाच्या कांदळवन कक्षाला कळवावं. जवळच्या पाण्यात आई घिरट्या घालते आहे का, तेही पाहून सांगावं.