मशीनवरचा ५ म्हणजे ५ लिटर नव्हे

गंजाडचं नाव दूरवर गेलं ते कळंबीपाड्याच्या वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे. वारली चित्रात तारपा हे वाद्य फुंकणारा मधे उभा असतो आणि सगळा फेर त्याच्या दमावर फिरतो. याच डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या पाड्यांवर दमाचं दुसरं गाऱ्हाणंही आहे. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांना अंगण झाडतानाच धाप लागते. विडी कधी ओढली नाही, मग फुप्फुसं खराब कशी, असं घरचे विचारतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं होतं: सीओपीडी, म्हणजे धाप लावणारा हा फुप्फुसांचा जुनाट आजार, फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा नाही, लाकूड आणि गोवऱ्यांचा धूरही तो देतो.

अशा घरातला कमावता मुलगा आईसाठी ऑक्सिजनचं मशीन घ्यायला निघतो. लाखाच्या पुढचा खर्च आणि समोर जाहिरातींचा ढीग. त्याची फसगत बहुधा एका आकड्यापाशी होते.

"५ वर लावलंय, म्हणजे ५ लिटर मिळतंय"

घरात ठेवायचं मोठं मशीन पंधरा-वीस किलोचं असतं. त्यावरचा काटा २ वर ठेवला की नळीतून मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन अखंड येत राहतो. खांद्याला लटकवायचं दोन-अडीच किलोचं मशीन तसं चालत नाही. माणूस नाकाने श्वास आत घेतो ते त्याला कळतं आणि त्याच क्षणी ते ऑक्सिजनचा एक छोटा झोत सोडतं. श्वास सोडताना काहीच येत नाही. एरवी वाया जाणारा ऑक्सिजन त्यामुळे वाचतो, म्हणूनच ते इतकं हलकं करता येतं. त्यावरचे १ ते ५ किंवा ६ हे आकडे मात्र लिटर नव्हेत, त्या नुसत्या पायऱ्या आहेत. एका चांगल्या खपाच्या मॉडेलमध्ये एका पायरीला मिनिटाला साधारण २१० मिलिलिटर येतात. म्हणजे ५ वर जेमतेम एक लिटर! दुसऱ्या कंपनीच्या ५ चं माप आणखी वेगळं.

पुढची गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. अशा बऱ्याच मशीनमध्ये मिनिटाचा एकूण ऑक्सिजन ठरलेला असतो. चढ चढताना श्वास भरभर होतात, तेव्हा तेवढाच ऑक्सिजन जास्त श्वासांत वाटला जातो आणि प्रत्येक झोत लहान होतो. गरज वाढते नेमकी तेव्हाच! झोपेत श्वास उथळ झाला किंवा तोंडाने चालू झाला, तर काही मशीनला तो कळतच नाही. म्हणून रात्रीसाठी अखंड प्रवाहाचं मोठं मशीन आणि बाहेर जाण्यापुरतं छोटं, अशी जोडी बहुतेकांना लागते. दोन्ही परवडत नसतील तर आधी मोठं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

"धाप लागते, म्हणजे ऑक्सिजन कमी"

नेहमीच नाही. रक्त कमी असलं, हृदय थकलं असलं, तरी धाप लागते. रक्त कमी असलेल्या माणसाचा ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतो आणि तरी त्याला दोन पायऱ्या चढवत नाहीत. आपल्या भागात सिकलसेल आहे, त्यामुळे हे ध्यानात ठेवायलाच हवं. अशा रुग्णाला मशीनचा उपयोग नाही, रक्ताची तपासणी हवी.

तब्येत स्थिर असताना, बसल्या जागी ऑक्सिमीटर ८८ किंवा त्याखाली असेल, किंवा धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा त्याहून कमी असेल, तेव्हा डॉक्टर घरी ऑक्सिजन लावायला सांगतात. तोही दिवसातून किमान १५ तास. धाप लागली की दहा मिनिटं नळी लावायची आणि काढून ठेवायची, याने आयुष्य वाढायचा फायदा मिळत नाही. उलट २०१६ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यांचा ऑक्सिजन थोडाच कमी होता त्यांचं आयुष्य मशीनने वाढलं नाही. आजारपणातून उठताना मशीन लागलं असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या. अनेकांचं सुटतं.

बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर ऑक्सिमीटर चुकतो. सावळ्या त्वचेवर तो कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. म्हणून काठावरच्या आकड्यावर विसंबून राहू नये, कासा किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावं.

"थोडा जास्त दिला तर बिघडलं काय?"

बिघडतं. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांसाठी ८८ ते ९२ एवढाच आकडा पुरेसा असतो. ९८ गाठायच्या हौसेने प्रवाह वाढवला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं दुखतं, गुंगी येते, बोलणं असंबद्ध होतं. "आज आईला छान झोप लागली" असं वाटत असतानाच ती बेशुद्धीकडे सरकत असू शकते. गोळी जशी डॉक्टरला विचारून वाढवायची, तसाच ऑक्सिजनही.

"मशीन हवेतून ऑक्सिजन बनवतं, संपायची चिंता नाही"

बनवत नाही, चाळतं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. आतले झिओलाइटचे दाणे दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात, उरतो तो सुमारे ९३ टक्के ऑक्सिजन. धूळ आणि ओल हे या दाण्यांचे वैरी. जाळी दर आठवड्याला धुवून, पूर्ण वाळवून बसवा आणि मशीन चुलीच्या खोलीत अजिबात ठेवू नका.

त्याला कारण आगही आहे. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीचा भडका करतो आणि कपड्यांत, गोधडीत तो मुरतो. चूल, विडी, देवापुढचा दिवा, मच्छर अगरबत्ती हे सगळं नळीपासून दहा फूट तरी लांब हवं. नाक सुकलं म्हणून खोबरेल किंवा व्हॅसलिन लावू नये.

आणि संपत काही नसलं तरी लाइट जातेच. पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की पाडा रात्रभर अंधारात. मोठं मशीन साधारण ३५० वॅट खातं. रोज १५ तास चाललं तर महिन्याला सुमारे १५७ युनिट. साध्या दीडशे अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीवर ते तीन-साडेतीन तास निघेल. म्हणून १५०० लिटरचा एक भरलेला सिलिंडर घरात असावा. मिनिटाला २ लिटरने तो साडेबारा तास पुरतो.

घरच्या मशीनलाही मर्यादा आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील भूलशास्त्र विभागाच्या प्रमुख डॉ. संयोगिता नाईक यांनी बजावलं होतं की हे मशीन मध्यम आजारासाठी, मिनिटाला ५ लिटरपर्यंतच्या गरजेसाठी आहे. ओठ निळे पडले, शुद्ध हरपू लागली, तर मशीनचा काटा फिरवत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा.

छोटं मशीन घ्यायचंच ठरलं तर पैसे देण्याआधी ते आईच्या नाकाला लावून बघा. बोटात ऑक्सिमीटर, खांद्यावर मशीन, आणि तिला सहा मिनिटं तिच्या चालीने चालू द्या. डहाणू रोडहून चर्चगेटची लोकल तीन तासांच्या आसपास घेते. जाऊन-येऊन, शिवाय दवाखान्यातली रांग धरली तर एक बॅटरी पुरणार नाही, दुसरीची किंमत आत्ताच विचारा. चालताना आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली गेला, तर ते मशीन आईसाठी नाही. विक्रेत्याने कितीही सवलत देऊ केली तरी ते घेऊ नका.