चित्रात साबण कसा तयार होतो?

आमच्या हातखंब्यात पावसाळा लागला की दारं फुगतात, मिठाला पाणी सुटतं आणि कपाटातल्या चपलांना बुरशी येते. हीच हवा तैलचित्राला लागली तर? मुंबईला गेलात की रीगल सिनेमाजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात (सोमवारी बंद असतं हं) हा प्रश्न डोक्यात ठेवून फिरा. इमारत १९११ची, सर कावसजी जहांगीर हॉल. संग्रहालय १९९६ पासून.

तैलरंग म्हणजे रंगाची पूड अधिक तेल, बहुधा जवसाचं. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि घट्ट जाळं तयार होतं, त्यालाच आपण ‘वाळलं’ म्हणतो. पण रसायनक्रिया तिथे थांबत नाही. तेलातून फॅटी ॲसिड हळूहळू सुटी होत राहतात. विसाव्या शतकात पांढऱ्यासाठी झिंक ऑक्साइड भरपूर वापरलं गेलं (घामोळ्याच्या पावडरीत असतं ना, तेच). झिंक आणि फॅटी ॲसिड एकत्र आली की साबण बनतो. अंघोळीच्या साबणात सोडियम, इथे झिंक. फेस मात्र येत नाही. रंगाचा थर ठिसूळ होतो, भेगा पडतात, कधी थरच खालच्या थरापासून सुटतो. झालेला साबण मोडून पुन्हा मूळ रंग मिळवण्याचा उपाय नाही.

दमट हवेत ही क्रिया वेग घेते. शिवाय कॅनव्हास आणि लाकडी चौकट ओल धरून हलतात, अगदी आपल्या दारासारख्या. वरचा ठिसूळ थर त्यांच्याबरोबर हलू शकत नाही. म्हणून दालनातला एसी प्रेक्षकांपेक्षा चित्रांसाठी जास्त गरजेचा. मंद दिव्यांचं कारण वेगळं: प्रकाशाने काही रंग उडतात. कागदावरच्या जलरंगांना साधारण ५० लक्स, तैलरंगांना २०० लक्सपर्यंत प्रकाश द्यायचा संकेत आहे. भर दुपारचं ऊन लाख लक्सच्या घरात जातं!

सूझा, रझा, हुसेन, आरा यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७चा. त्या काळातली चित्रं आता पाऊणशे वर्षांची झालीत, त्यामुळे त्यांची देखभाल आत्ताच महत्त्वाची आहे. गायतोंडेंसारख्याचं चित्र समोर आलं, तर आधी निवांत बघून घ्या. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत-उतरवत केलेलं काम आहे ते. मग बाजूला सरकून तिरक्या कोनातून बघा. पृष्ठभागावरचे उंचवटे, बारीक भेगा समोरून दिसत नाहीत, तिरक्या उजेडात दिसतात. चित्रांचे डॉक्टरही तपासणीची सुरुवात बऱ्याचदा अशीच करतात. हात मात्र लावू नका, आणि मोबाइलचा फ्लॅश बंद.