कार्यानुभवाचा तास आणि मुलांचे घर

कार्यानुभवाच्या प्रदर्शनासाठी मुलांनी घरून एखादी वस्तू करून आणावी, अशी सूचना आपण शिक्षक मंडळी वर्षातून एकदा तरी देतोच. सूचना देऊन आपण मोकळे होतो. परंतु ती ज्या घरी जाऊन पोहोचते, त्या घरात त्या दिवशी काय चालले आहे, याचा विचार क्वचितच होतो. पोलादपूर तालुक्यात कापडे व आसपासच्या वाड्यांतून दिवाळीच्या आगेमागे भात कापणीला आलेले असते. घरचा कर्ता पुरुष पुष्कळदा मुंबईस असतो. कापणी, झोडणी, गुरे, म्हातारी माणसे आणि स्वयंपाक, हे सर्व एका बाईच्या अंगावर पडलेले असते. अशा घरी तिन्हीसांजेला मूल येऊन सांगते, 'उद्या शोभेची वस्तू न्यायची आहे. गुरुजींनी सांगितलंय.'

हा दोष दुसऱ्यांच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी स्वतः अशा सूचना दिलेल्या आहेत. त्या वेळी एका मुलीने थर्माकोलचे सुबक देऊळ आणले व मी त्यास पहिला क्रमांक दिला. पुढे तिच्या आईची गाठ पडली, तेव्हा ते देऊळ मामाने बाजारातून विकत आणले होते आणि त्यासाठी पन्नास रुपये उसने घ्यावे लागले होते, असे कळले. बाईंचा स्वर तक्रारीचा नव्हता. 'गुरुजी, आम्हांला कापणीत कुठला वेळ?' एवढेच त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्या मुलीने झोडणीसाठी घरचे खळे एकटीने सारवले होते, हेही त्यांच्याच बोलण्यातून निघाले. त्या कामाला माझ्या प्रगतिपुस्तकात रकाना नव्हता.

हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना आपणांस नवी नाही. १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली व तेथून नयी तालीमचा विचार देशभर गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, पाने, बिया, शंख, खडे अशा भोवताली मिळणाऱ्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले. हे सर्व आपण अध्यापक विद्यालयात पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि पुढे नोकरीत रंगीत कागदाच्या दुकानाकडे वळलो.

वस्तुतः आपल्या भागातील घरे हस्तकलेने भरलेली आहेत. फरशीची घरे आता पुष्कळ झाली असली तरी अंगण आणि खळे शेणानेच सारवले जाते. जुन्या गोठ्यांच्या व पडव्यांच्या कुडांना कारवीच्या काठ्या आणि वर मातीचा लेप असतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, हे पुस्तकातून सांगण्याऐवजी तो कूडच मुलांना दाखवावा. गौरी-गणपतीत तेरड्याची गौर येते, दारावर आंब्याचे डहाळे चढतात, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होतात. हे करणारी माणसे यास कला म्हणत नाहीत. कामाच्या ओघात करून मोकळी होतात. आपला कार्यानुभवाचा तास येथूनच सुरू व्हावयास हवा.

उदाहरणार्थ, आकाशकंदील घेऊ. पारंपरिक कंदिलाचा सांगाडा म्हणजे सारख्या मापाचे सहा चौरस. एक वर, एक खाली आणि चार बाजूंस, कोपऱ्यावर उभे. चौरसांच्या मध्ये आठ त्रिकोणी जागा आपोआप तयार होतात. प्रत्येकी २० सेंटिमीटरच्या चोवीस काड्या लागतात. म्हणजे एकूण ४८० सेंटिमीटर कामटी. सहा चौरसांचे कोपरे चोवीस होतात, मग चौरस एकमेकांस जोडण्याच्या गाठी बाराच का, असे पाचवीच्या वर्गास विचारून थोडा वेळ स्वस्थ राहावे. उत्तर मुलांच्या हातातच असते: प्रत्येक गाठीत दोन चौरसांचे कोपरे एकत्र येतात.

सांगाडा बांधून झाला की तो डुगडुगतो. येथे घाईने कागद लावू नये. काड्यांचा एक सुटा चौरस आणि एक सुटा त्रिकोण करून मुलांना दाबावयास द्यावा. चौरस कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून वरच्या व खालच्या चौरसांत कर्णाची एकेक काडी घालावयाची. मुले ती २० सेंटिमीटरचीच कापतात आणि ती तोकडी पडते! सुमारे २८ सेंटिमीटर हवी, हे मापून त्यांना कळू द्यावे. आपण आधी सांगू नये. वरच्या काडीस दोरी बांधता येते व खालच्या काडीस दिवा. कागद बाजूच्या चार चौरसांना आणि आठ त्रिकोणांना. वरखाली उघडे ठेवावे म्हणजे उष्णता बाहेर पडते. आत कमी शक्तीचा एलईडी दिवा असावा, मेणबत्ती नको.

यास विकतचे काय लागते? पतंगी कागद आणि दोरा. खळ घरी होते. चिंचोके भाजून त्यांची टरफले काढावीत, भिजवून वाटावेत व पाण्यात शिजवावेत. कागद पक्का बसतो. खळीस कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या खळीत तो मुळीच घालू नये. लागेल तेवढीच खळ ताजी करावी. बांबू जून पाहून, पावसाळ्यानंतर तोडलेला घ्यावा. बांबूतील पिष्टमय अंशामुळे त्याला भुंगा लागतो. तो अंश निघून जावा म्हणून तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात. कामट्या काढण्याचे काम वाडीतील जाणत्या माणसाकडून, मुलांच्या समक्ष करून घ्यावे. कोयता मुलांच्या हाती देऊ नये. त्या माणसास वर्गात बसावयास खुर्ची द्यावी, हे सांगण्याची खरे तर आवश्यकता नसावी.

मखराविषयी थोडेच सांगतो. थर्माकोलच्या सजावटीवर राज्य शासनाने मार्च २०१८ मध्ये बंदी घातली, हे आपण जाणतोच. त्याची जागा दुसऱ्या विकतच्या चकचकीत वस्तूने घ्यावी, यात काही हशील नाही. बांबूची चौकट, घरातील एक धुतलेली साडी आणि तेरडा एवढ्यावर मखर उभे राहते व विसर्जनानंतर साडी पुन्हा पेटीत जाते. भाद्रपदात लावणी आटोपलेली असते व मुंबईची माणसे घरी आलेली असतात. मोठ्यांची मदत मागावयाची तर ती या दिवसांत मागावी, कापणीत नव्हे. गोधडीचा धावदोरा कापणीनंतरच्या दुपारी, आजीच्या शेजारी बसून शिकण्याचा आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या पाहण्यात वारंवार येते. सारवण व रांगोळी मुलींकडे, कंदील व किल्ला मुलांकडे, अशी वाटणी आपण नकळत कायम करतो. मुलाला शेणाचा हात सारखा फिरवावयास सांगा. पहिल्या खेपेस त्याचे सारवण ढेकळांचे होते व आईचे काम काय आहे ते त्यास उमगते. मुलीने बांधलेली गाठ मात्र सुटलेली मी अद्याप पाहिली नाही.

राहता राहिला प्रदर्शनाचा प्रश्न. वस्तू शाळेत आणावयास लावू नये. खळे आणि सारवलेले अंगण उचलून आणता येत नाही, आणि कंदील तर घराच्या दारासाठीच केलेला असतो. मुलाने वहीत काय केले, कोणी शिकविले व काय विकत आणावे लागले, एवढे लिहावे. गुण द्यावयाचे असतील तर शिक्षकांनी दिवे लागल्यावर वाडीतून एक फेरी मारावी आणि मूल स्वतः काय सांगते ते ऐकावे. कापणीच्या दिवसांत घरी कोणी नसेल, तर खळ्यावर जावे.